रब्बी अवर्षण (महाराष्ट्र पठार)

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पठारावर जमिनीतील ओल हिवाळी पिकाला न पुरल्याने उद्भवणारी टंचाई. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड व धाराशिव जिल्ह्यांचा बराचसा भाग आणि माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके या पट्ट्यात मोडतात. येथील वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे ५०० ते ७०० मिमी. असतो.

‘हिवाळा’ कोणता धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. पंचांगानुसार हेमंत व शिशिर मिळून मार्गशीर्ष ते फाल्गुन असे चार महिने होतात. भारतीय हवामानशास्त्र विभाग मात्र जानेवारी-फेब्रुवारी एवढाच हिवाळा मानतो; ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याच्या लेखी मोसमोत्तर काळ होय. देशभराच्या तुलनेसाठी ही विभागणी सोयीची असली, तरी या पठारावरील अवर्षण तिच्यातून नीट उमगत नाही. येथे जानेवारी-फेब्रुवारीत मुळातच अगदी थोडा पाऊस पडतो, त्यामुळे त्यातील टक्केवारीच्या तुटीला फारसा अर्थ राहत नाही. रब्बीचे भवितव्य ठरते ते हस्त, चित्रा व स्वाती नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण या बाबतीत ऋतुविभागणीपेक्षा अधिक नेमकी ठरते.

त्यानंतर मालदांडीसारखी ज्वारी साठलेल्या ओलीवरच वाढते. खोल काळी जमीन ही ओल धरून ठेवते, पण वाळताना भेगाळते. पौष-माघात भेगेत मनगटापर्यंत हात जातो, मुळे तुटतात आणि खालची ओलही उडून जाते. म्हणून पीक आठ आठवड्यांचे झाले की दातेरी कोळप्याने (पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवण्याचे अवजार) तिसरी कोळपणी करून भेगा बुजवतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात ते यामुळेच. या प्रश्नांच्या अभ्यासासाठी १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले.

हाच कोरडेपणा थंडीही वाढवतो. निरभ्र आकाश व कोरडी हवा यांमुळे रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७° से. नोंदले गेले. पठाराच्या उत्तरेकडील निफाड (जि. नाशिक) परिसरात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात.

जुन्या दुष्काळांचे कालनिर्णय सावधपणेच घ्यावे लागतात. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षे टिकला, असे मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ परंपरेच्या आधारे नमूद करतो. सलग बारा वर्षे पाऊसच नव्हता असे मानण्यापेक्षा, लागोपाठच्या अनेक अवर्षणांची स्मृती एका नावाखाली गोळा झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे खुली केली तो दुष्काळ पंधराव्या शतकातील मानतात. त्याच्या नेमक्या सालाविषयी मतभेद आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळातील कामांतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. टंचाई ठरवताना २०१७ पर्यंत मुख्यत्वे पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत हाती आलेल्या पिकाचा पैशांत मांडलेला अंदाज, पाहत. पन्नास पैशांखालची गावे टंचाईग्रस्त धरली जात.