मेश राउटर आणि नॅस : घरगुती जोडणी

घरातले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे एकाच जागी ठेवून सगळ्या उपकरणांना ती खुली करून देणारी डिस्कची पेटी म्हणजे नॅस. मेश म्हणजे एकाच नावाचे वाय-फाय घरभर पोचवणारा दोन-तीन राउटरांचा संच; त्यातल्या प्रत्येक राउटरला नोड म्हणतात आणि इंटरनेटची केबल ज्याला लागते तो मुख्य नोड. 2016 मध्ये ईरो, गूगल वायफाय आणि नेटगिअर ऑर्बी बाजारात आले आणि असे संच घरोघरी रुळू लागले. नॅस या संचाला कुठे जोडला आहे, यावर फाइलींचा वेग बराचसा ठरतो.

या वेगाचा इंटरनेटच्या प्लॅनशी संबंध नाही. घरातल्या लॅपटॉपवरून नॅसवर जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊन कॉपी लवकर होत नाही. गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) केबलवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे 110 मेगाबाइट मिळतात. लग्नाचा 20 गिगाबाइटचा व्हिडिओ त्या वेगाने तीन मिनिटांत जातो. 100 मेगाबिटच्या जोडणीवर त्यालाच अर्धा तास लागतो.

नॅस नेहमी केबलने आणि शक्यतो मुख्य नोडलाच जोडावा. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. लॅपटॉपकडून आतल्या खोलीतल्या नोडकडे आणि तिथून त्याच बँडवर (म्हणजे त्याच लहरींच्या पट्ट्यावर) मुख्य नोडकडे जाताना डेटा दोनदा हवेतून जातो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. नॅस एका दूरच्या नोडला आणि लॅपटॉप दुसऱ्या दूरच्या नोडवर असेल, तर असे तीन टप्पे पडू शकतात. ट्राय-बँड, म्हणजे तीन बँडचे, संच नोडांमधल्या वाहतुकीसाठी वेगळा बँड राखून ठेवू शकतात, त्याने बराच फरक पडतो. तरीही आरसीसीच्या (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) भिंतीपुढे 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल ढेपाळतोच. नोडांमध्येच केबल टाकणे हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय. अनेक फ्लॅटांत टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत घातलेला पाइप आता रिकामाच पडून असतो. जुनी वायर ओढून काढताना तिच्या टोकाला नवी बांधली की काम होते. विजेच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ही केबल नेऊ नये.

फायबर कंपनीने बसवलेला डबा बहुधा स्वतःही राउटरच असतो. त्याच्यामागे मेश लावला की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. नॅस कंपनीच्या डब्याला आणि मोबाइल मेशवर असेल, तर यादीत नॅस दिसत नाही आणि दोष विनाकारण नॅसला दिला जातो. अशा वेळी कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकावा, म्हणजे राउटरचे काम फक्त मेश करतो; नाहीतर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पुरवतो आणि राउटरचे काम डब्याकडे राहते. दुसऱ्या पर्यायात काही संचांमधली मुलांसाठीची बंधने वगैरे सोयी चालत नाहीत.

मेशच्या नोडला पोर्ट मोजकेच असतात, म्हणून मुख्य नोडमागे एक साधा स्विच, म्हणजे केबलींसाठी जादा पोर्ट देणारी पेटी, लावतात. संगणक आणि नॅस एकाच स्विचवर असले की डेटा तिथल्या तिथे वळतो, राउटरपर्यंत जात नाही. त्यामुळे राउटर गिगाबिटचाच असला तरी 2.5 गिगाबिटचा स्विच घेऊन त्या क्षमतेचा नॅस आणि संगणक पूर्ण वेगाने चालवता येतात; चांगली कॅट-5ई (नेहमीच्या नेटवर्क केबलचा एक दर्जा) केबलही त्याला पुरते. नॅसचे दोन पोर्ट एकत्र बांधले तर एकाच वेळी अनेकांना फायदा होतो, पण एका संगणकाची एक कॉपी सहसा दुप्पट वेगाने होत नाही.

सगळे नीट जोडूनही वेग 11 मेगाबाइटच्या आसपास अडकला, तर आधी प्लग पाहावा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 मेगाबिटचे काम चारांवर भागते. घाईत केलेल्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी जोडीच प्लगमध्ये बसवून निळी आणि तपकिरी कापून टाकलेली आढळते. पारदर्शक प्लग उजेडात धरला की हे लगेच दिसते, आणि नवा प्लग क्रिंप करून (तारांवर दाबून बसवून) घ्यायला किरकोळ खर्च येतो. स्वस्त केबलमध्ये अनेकदा तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. भिंतीत कायमची टाकायची असेल तर ती घेऊच नये.

वेग मोजताना एकच मोठी फाइल कॉपी करावी. हजारो लहान फोटोंच्या फोल्डरला प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ लागतो, त्यामुळे उत्तम जोडणीतही तो आकडा कमीच दिसतो.