पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कवचांतली इलेक्ट्रॉनांची वाटणी, २, ८, १ हे शाळेत सहज पाठ होतं. गाडी अडते ती पोटॅशियमपाशी. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, हे त्याच सुमारास शिकवलेलं असतं. मग पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ९ असे का नाहीत? २, ८, ८, १ कशासाठी? शंका रास्त आहे, पण बहुतेक वेळा ‘असंच असतं’ म्हणून ती मिटवली जाते.

कवचांच्या आत उपकवचं असतात: एस, पी, डी, एफ. त्यांची क्षमता अनुक्रमे २, ६, १०, १४. तिसऱ्या कवचातले १८ म्हणजे एसचे २, पीचे ६ आणि डीचे १०. पोटॅशियममध्ये ३पी (तिसऱ्या कवचाचं पी उपकवच) भरेपर्यंत १८ इलेक्ट्रॉन संपतात. उरलेल्या एकाला ३डीपेक्षा ४एसमध्ये कमी ऊर्जा लागते, कारण एसमधला इलेक्ट्रॉन अधूनमधून थेट केंद्रकापाशी शिरकाव करतो आणि त्याची ओढ जास्त अनुभवतो. डीमधल्याला आतले इलेक्ट्रॉन जवळपास पुरते झाकून टाकतात.

क्रम लक्षात ठेवायला माडेलुंग यांचा नियम सोपा आहे. एस, पी, डी, एफ यांना ०, १, २, ३ हे अंक द्या आणि त्यात कवचाचा क्रमांक मिळवा. बेरीज लहान ते आधी भरतं. बेरीज सारखी आली तर लहान क्रमांकाचं कवच आधी. ४एसची बेरीज ४, ३डीची ५. उदासीन अणूत इलेक्ट्रॉन अणुअंकाइतकेच असतात, म्हणून लोहाचे २६ असे मांडायचे: १एस² २एस² २पी⁶ ३एस² ३पी⁶ ४एस² ३डी⁶. अक्षरांच्या डोक्यावरचे छोटे अंक म्हणजे त्या उपकवचातले इलेक्ट्रॉन; ते मिळवून पाहा, २६ भरतात. एवढी पडताळणी परीक्षेतल्या निम्म्या चुका वाचवेल.

पण क्रोमियम नियम मोडतो: ३डी⁴ ४एस² ऐवजी ३डी⁵ ४एस¹. तांबंही: ३डी¹⁰ ४एस¹. ‘अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच स्थिर’ हे ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. क्रोमियमच्याच गटातल्या टंगस्टनमध्ये ५डी⁴ ६एस² असतं, तर पॅलेडियम ४डी¹⁰ भरून ५एस रिकामंच ठेवतो. ही उपकवचं ऊर्जेने इतकी जवळ असतात की इलेक्ट्रॉनांचं आपापसातलं प्रतिकर्षणही निकाल फिरवू शकतं. लोहाचा अणू आयन (विद्युतभारित अणू) होताना तर आधी भरलेल्या ४एसमधलेच दोन इलेक्ट्रॉन आधी सोडतो आणि ३डी⁶ तसंच राहतं. अशा मूलद्रव्यांचं खरं संरूपण नियमावरून नव्हे, त्यांच्या वर्णपटातल्या रेषांवरून ठरवतात.