टर्बोचार्जर बिघाड आणि इंजिनाची हानी

टर्बोचार्जर बिघाड : इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरून आत जाणारी हवा दाबणाऱ्या यंत्राला टर्बोचार्जर, बोलीत नुसता टर्बो, म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बो गेला म्हणजे गाडीचा पिकअप गेला, एवढीच समजूत सहसा असते. पण टर्बोत इंजिनाचेच ऑइल फिरते आणि त्याने दाबलेली हवा थेट सिलेंडरात जाते. त्यामुळे टर्बोचा बिघाड इंजिनात उतरतो. बहुतेक टर्बो स्वतःच्या दोषाने जात नाहीत हेही तितकेच खरे. इंजिनाचे ऑइल किंवा हवा बिघडली की त्याचा पहिला मार टर्बोला बसतो.

रचना

एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. धुराकडचा पंखा निकेलच्या मिश्रधातूचा, हवेकडचा बहुधा ॲल्युमिनियमचा. लहान मोटारींत हा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. त्या वेगाला ४० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे टोक सेकंदाला ४०० मीटरहून अधिक, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने धावते. शाफ्ट बुशला, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या नळीसारख्या बेअरिंगला, टेकत नाही. काही मायक्रॉन जाडीच्या ऑइलच्या थरावर तो तरंगतो. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी बुश खरवडला जातो, शाफ्टला प्ले (ढिलेपणा) येतो आणि पंखा टर्बोच्या कवचाला आतून घासू लागतो. पोलिसांच्या सायरनसारखा चढता-उतरता आवाज येतो तो याच अवस्थेत.

ऑइल अडवणारे सील रबरी नसतात. पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. शाफ्ट मध्यावर असेल, ऑइल परतीच्या पाइपातून मोकळे खाली पडत असेल आणि दोन्हीकडचा दाब ठीक असेल, तोवरच त्या काम करतात. म्हणून परतीचा पाइप दबला, ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबला किंवा एअर फिल्टर चोंदला, तर चांगला टर्बोही ऑइल टाकतो. असे कित्येक टर्बो उगाच बदलले जातात.

इंजिनापर्यंत हानी कशी पोहोचते

पहिली आणि सर्वांत घातक वाट ऑइलची. हवेकडचे सील गेले की ऑइल इंटरकूलरमध्ये, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, साचते. सुरुवातीला फक्त निळा धूर दिसतो आणि डिपस्टिकवरची पातळी उतरत जाते. इंटरकूलर बराचसा भरल्यावर मात्र दोन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, ऑइल एकदम सिलेंडरात शिरते. १२४८ सीसीच्या चार सिलेंडरी डिझेल इंजिनात प्रत्येक सिलेंडर ३१२ सीसीचा असतो; संपीडन गुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे प्रमाण) १७ धरले तर पिस्टन वर पोहोचतो तेव्हा जागा उरते जेमतेम २० सीसी, म्हणजे चहाचे चार चमचे. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे त्याहून जास्त ऑइल आत आले तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो.

दुसरी गोष्ट डिझेल गाड्यांतली, आणि पाहणाऱ्याला घाबरवून सोडणारी. डिझेल इंजिनाचा वेग हवेने नव्हे, इंजेक्टरमधून येणाऱ्या डिझेलच्या मापाने ठरतो. हवेबरोबर ऑइलची वाफ येऊ लागली की तेच इंधन होते आणि इंजिन आपोआप रेस होत जाते. चावी बंद केली तर इंजेक्टर बंद होतात, ऑइल नाही. पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट सुटतो आणि इंजिन एकतर ऑइल संपून जाम होते किंवा रॉड तुटून ब्लॉक फुटतो. मॅन्युअल गाडीत हाताशी असलेला उपाय असा : ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचे. क्लचप्लेट जळाली तरी इंजिन वाचते. ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही. तिथे हवेची वाट बंद करणे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हवेच्या तोंडात मारणे एवढेच उरते. हवेचे तोंड बंद करायला हात किंवा फडके कधीही वापरू नये, दोन्ही आत ओढले जातात. इंजिन हाताबाहेर गेले असेल तर बॉनेट उघडण्यापेक्षा माणसे लांब नेणे शहाणपणाचे. अनेक नव्या डिझेल गाड्यांत हवेच्या मार्गात झडप असते आणि चावी काढताच ती मिटते. अशा गाड्यांत धोका कमी होतो.

दुसरी वाट धातूच्या कणांची. बुशचा चुरा परतीच्या ऑइलबरोबर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडतो. पंपाच्या गाळणीतून बारीक कण निसटतात आणि फिल्टर तुंबून त्याची बायपास झडप उघडली की न गाळलेले ऑइल क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते. टर्बो बदलून दोन-तीन हजार किलोमीटरनंतर इंजिन खालून ठोकू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. हवेच्या पंख्याचे तुकडे झाले तर मोठे तुकडे इंटरकूलरच्या जाळीत अडकतात. बारीक कण मात्र सिलेंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे पाडतात आणि मग कॉम्प्रेशन उतरते. धुराकडच्या पंख्याचे तुकडे इंजिनात परतत नाहीत. ते सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फोडतात.

तिसरी वाट दाबाची. वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वगळून सोडणारी झडप, मिटलेल्या स्थितीत अडकला की दाब मर्यादेबाहेर जातो. पेट्रोल इंजिनात त्यामुळे नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते किंवा हेड गॅस्केट उडते. उलट होज फाटून दाब कमी झाला तर डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०२३४ म्हणजे दाब जास्त, पी०२९९ म्हणजे दाब कमी. दोन्हींत गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून जेमतेम चालण्याच्या अवस्थेत, जाऊ शकते. तो कोड नुसता पुसून गाडी चालवत राहणे म्हणजे इंजिनाने स्वतःभोवती घातलेले कुंपण काढून टाकणे.

ठाणे–नवी मुंबईतील वापर

ऑइल १०,००० किलोमीटरला बदला, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पण ऑइल तासांनी म्हातारे होते. ताशी ४० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रोज रखडत ताशी १५ ची सरासरी पडली, तर तेच अंतर सुमारे ६६७ तासांचे होते. अशा गाडीला ५,००० ते ७,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलणे हा फाजील लाड नव्हे. पुस्तिकेतही खडतर वापरासाठी बहुधा कमी अंतर दिलेले असते, ते पान कोणी उघडत नाही एवढेच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींत डीपीएफ सार्वत्रिक झाला. मानपाड्याहून ठाणे स्टेशन, नेरूळहून वाशी अशा छोट्या फेऱ्यांत धुराचे तापमान पुरेसे वाढत नाही आणि डीपीएफची सफाई, म्हणजे साचलेली काजळी जाळणे, अर्ध्यावर तुटते. सफाईसाठी उशिरा फवारलेले डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली म्हणजे ऑइल पातळ झाले. आनंद मानण्यासारखे काही नाही. हेच पातळ ऑइल टर्बोचा बुश खाते. आठवड्यातून एकदा ठाणे–बेलापूर रस्ता किंवा पाम बीच मार्ग मोकळा असताना वीसेक मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवली तर सफाई पूर्ण व्हायला मदत होते, शिवाय व्हीजीटीच्या, म्हणजे हलत्या पात्यांच्या टर्बोच्या, पात्यांवर काजळीही कमी बसते.

गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. गरम टर्बोत ऑइल थबकले तर त्याचा कोळसा होऊन वाट अरुंद होते, म्हणून. शहरात सोसायटीच्या गल्लीत शिरून जागा शोधेपर्यंत टर्बो पुरेसा निवतो, वेगळे थांबण्याची गरज क्वचितच पडते. चूक होते ती महामार्गावर : ताशी शंभराच्या वेगाने येऊन पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलपुढे चावी लगेच फिरवली जाते.

तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यातील अवजड वाहतूक आणि जागोजागची बांधकामे यांची धूळ एअर फिल्टर लवकर भरते. फिल्टर बदलण्याऐवजी त्याला जोराची हवा मारून पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. त्याने कागदाला सूक्ष्म भोके पडतात आणि धूळ पंख्याच्या कडा वाळूच्या कागदासारखी झिजवते.

टर्बो बदलताना

नवा टर्बो बसवण्याआधी जुना का गेला हे शोधावे लागते, नाहीतर दुसराही त्याच वाटेने जातो. शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा : आडवा किंचित प्ले चालतो, पुढे-मागे जवळजवळ नसावा, पंखा कुठेही घासू नये. निळसर-काळा शाफ्ट ऑइल न पोहोचल्याचे सांगतो, चकचकीत ओरखडे घाण ऑइलचे, वाकलेली पाती बाहेरून काही आत गेल्याचे.

ऑइलचा पुरवठा पाइप आणि त्याचा बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) धुऊन पुन्हा वापरू नये, नवेच घ्यावेत. आतला कोळसा धुण्याने निघत नाही. चेंबर उतरवून गाळणी साफ करावी. इंटरकूलर काढून उलटा करून निथळावा. पंख्याचे तुकडे गेले असतील तर इंटरकूलर बदलावाच, कारण जाळीत अडकलेले कण महिन्यांनी सुटतात. ऑइल पाइपाच्या जोडाला सिलिकॉन लावू नये, त्याची गुठळी सुटून वाट बंद करते. बसवताना टर्बोच्या ऑइल शिरण्याच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा, इंजेक्टरचे विजेचे प्लग काढून दहा-पंधरा सेकंदांचे दोन-तीन स्टार्टर मारावेत, मग इंजिन चालू करून काही मिनिटे रेस न देता ठेवावे. मोठी गळती होऊन गेलेली असेल तर कॉम्प्रेशन चाचणी केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

पावसाळा आणि विमा

पाणी साचलेल्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीचा रॉड पाण्याने वाकला की टर्बोच्या ऑइलने, हा वाद दरवर्षी होतो. इंटरकूलरचा होज उघडला की उत्तर मिळते : गढूळ पाणी, भिजून मऊ झालेला एअर फिल्टर, की काळे ऑइल. यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत धरली जात नाही. पाणी शिरून झालेल्या इंजिनाच्या नुकसानीसाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. त्यामुळे होज उघडण्याआधी आणि उघडताना फोटो काढून ठेवावेत आणि सर्वेक्षक येईपर्यंत स्टार्टर पुन्हा मारू नये.