पदवीनंतरचा पगार मोजायचा कसा?

प्रवेशाचे दिवस आले की कॉलेजांच्या जाहिरातींत एक आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत झळकतो: ‘हायेस्ट पॅकेज’. सरकारी कॉलेजंही यात मागे नाहीत. पालक तोच आकडा मनात धरून पसंतीक्रम भरतात, आणि तो आकडा त्यांच्या मुलाबद्दल जवळपास काहीच सांगत नसतो.

समजा, एका वर्गातून दहा जण पास झाले. पाच जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली. वार्षिक पगार ३ लाख, साडेतीन, ४, साडेचार आणि एकाला थेट ४० लाख. सरासरी निघते ११ लाख! पण पाचांतल्या चौघांना त्याच्या निम्मासुद्धा पगार नाही. म्हणून मध्यक बघायचा: पगार चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. तो येतो ४ लाख. आता नोकरी न लागलेल्या पाचांचे शून्यही रांगेत लावा. मध्यक दीड लाखावर घसरतो. त्यांतला कोणी एम.टेक.ला गेला असेल तर त्याला शून्य धरणं अन्यायाचं, हेही खरं. मोजणीत कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं, यावर सगळा खेळ आहे.

अमेरिकेत यावर चांगली वाट काढली आहे. तिथे बेकारी विम्यासाठी प्रत्येक मालकाला दर तीन महिन्यांनी कामगारांच्या पगाराची नोंद राज्य सरकारकडे द्यावी लागते. जनगणना खात्याने या नोंदी विद्यापीठांच्या पदवी नोंदींशी जोडल्या. सुरुवात टेक्सास विद्यापीठाच्या सरकारी कॅम्पसपासून झाली. कोणत्या शाखेच्या पदवीधराला १, ५ आणि १० वर्षांनी किती मिळतं, हे आता तिथे कोणालाही बघता येतं. मुलं दुसऱ्या राज्यात गेली तरी हिशेबातून सुटत नाहीत. कॉलेजने स्वतःबद्दल काय सांगितलं याला इथे महत्त्व उरत नाही, आणि हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. स्वतःचा व्यवसाय करणारे मात्र यात येत नाहीत, आणि वर्षभरात अगदीच तुटपुंजं कमावणारेही वगळले जातात. त्यामुळे हे आकडेही थोडे गोडच दिसतात.

आपल्याकडे हीच पद्धत उचलायची तर पीएफच्या नोंदी हाताशी आहेत. पण पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तालुक्याच्या गावी सीएच्या ऑफिसात किंवा मेडिकल दुकानात लागलेला बी.कॉम. त्यात सापडणार नाही.

आणि आपल्याकडे पहिल्या वर्षाचा आकडा तर विशेष फसवा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१-२२ मध्ये २५ वर्षांखालच्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांवर होती, तर चाळिशी गाठलेल्या पदवीधरांत २ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे काम शेवटी मिळतं, पण मधली वर्षं जातात. महाराष्ट्रात ती कुठे जातात हे घराघरांत ठाऊक आहे: एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. घरच्यांच्या जिवावर वाट बघता येते तोवर बघायची, वय उलटलं की मिळेल ते काम पत्करायचं. ते काम पदवीला साजेसं आहे का, हे बेरोजगारीच्या टक्क्यांतून कळत नाही.

पगाराच्या नोंदी पदवीशी जोडणारी अशी सोय आपल्याकडे होईपर्यंत हाताशी काय आहे? एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणारं प्रत्येक कॉलेज आपली माहिती भरून देतं आणि ती संकेतस्थळावर खुली असते. वेळेत उत्तीर्ण किती, प्लेसमेंट किती, उच्च शिक्षणाला किती गेले, नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती, सगळं एका तक्त्यात. उत्तीर्णांतून पुढचे दोन आकडे वजा करा. जे उरतात त्यांच्याबद्दल कॉलेजला थेट विचारा. शिवाय पाच वर्षांपूर्वीची बॅच आज कुठे आहे, हेही विचारा. तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. निदान जनतेच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजांना तो भरणं सक्तीचं करायला हवं.