अमायलेज, लायपेज आणि ‘तिप्पट’ची रेघ : पार्श्वभूमी
अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम. रक्तातलं अमायलेज स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात वाढतं, हे 1929 मध्ये मांडलं गेलं. त्याआधी 1908 पासून ते लघवीत मोजत. लायपेजची चाचणी 1932 ची, पण तिला 24 तास लागत, म्हणून कित्येक दशकं अमायलेजवरच भागवलं गेलं.

‘तिप्पट’वरून होणारा आजचा घोळ 2012 च्या सुधारित अटलांटा निकषांपासूनचा आहे. हे या दाहाच्या निदानाचे निकष. ठरावीक प्रकारची पोटदुखी, नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट लायपेज किंवा अमायलेज, आणि स्कॅनमध्ये दिसणारा दाह, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. म्हणजे तिप्पट आकडा एकट्याने निदान करत नाही आणि तो नसला म्हणून आजार टळतही नाही. व्यवहारात मात्र नेमकं हेच विसरलं जातं. शिवाय तिप्पट कशाच्या? एका पद्धतीत लायपेजची कमाल मर्यादा 60, तर दुसरीत 300. लायपेज 240 आलं, तर पहिल्या लॅबमध्ये ते चौपट ठरतं, दुसरीत नॉर्मल. नागपुरात धंतोलीचा रिपोर्ट रामदासपेठेतल्या रिपोर्टशेजारी ठेवताना आधी कंसातली मर्यादा बघावी, मग आकडा.

वेळेचंही तसंच. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज आठवडा-दोन आठवडे टिकतं. गडचिरोली किंवा छिंदवाड्याहून चौथ्या दिवशी नागपूरला पोचलेल्या पेशंटचं अमायलेज नॉर्मल आलं, तर त्यावर विसंबू नये. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फार वाढून सीरम (रक्तातला द्रव भाग) दुधाळ झालं असेल, तरी अमायलेज खोटं कमी दिसतं. नमुना पातळ करून पुन्हा लावला की खरा आकडा निघतो. आजाराची तीव्रता आकड्यावरून कळत नाही, त्यामुळे तो रोज तपासणं म्हणजे पेशंटच्या खिशाला नाहक भुर्दंड.

दाह असला की कारण बहुतेकदा पित्ताशयातले खडे किंवा दारू. सोनोग्राफी पहिल्याच दिवशी हवी. दाह नसतानाही दोन्ही एन्झाइम वाढतात: किडनी निकामी होणं, आतड्याला छिद्र किंवा रक्तपुरवठा बंद, मधुमेहातला कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं). गालगुंडात लाळग्रंथींचं अमायलेज वाढतं. 1960 च्या दशकात मॅक्रोअमायलेज सापडलं: अमायलेज अँटिबॉडीला चिकटून इतकं मोठं होतं की किडनीतून गाळलंच जात नाही. रक्तात वाढलेलं, लघवीत कमी, लायपेज नॉर्मल. त्याला उपचार लागत नाहीत.

विदर्भात आणखी एक कारण ध्यानात ठेवायलाच हवं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ सुटते नि अमायलेज चढतं. काहींना स्वादुपिंडाचा खरा दाहही होतो. दोन्हींतला फरक लायपेज आणि स्कॅन यांवरून करावा लागतो, म्हणून फवारणीच्या हंगामात शेतावरून आलेल्या पेशंटचं नुसतं अमायलेज तपासायला पाठवू नये.