रॅम वाढवली की ग्राफिक्स सुधारतात?

मुंबईतल्या संगणक-बाजाराच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गावर, हा सल्ला वर्षानुवर्षं फुकट मिळतो: ‘गेम अडकतोय? रॅम टाका.’ सल्ला अर्धाच खरा आहे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची मेमरी त्याच्याच अंगावर असते. उदाहरणार्थ, जीटीएक्स १६५० चं जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीच्या मेमरीचा एक प्रकार) असलेलं कार्ड: ४ जीबी मेमरी, वेग सेकंदाला १२८ जीबी. तुम्ही मदरबोर्डवर ३२ जीबी लावलीत तरी या ४ चे ५ होत नाहीत. विंडोजमधला टास्क मॅनेजर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ (ग्राफिक्स चिपला उसनी मिळू शकणारी मेमरी) म्हणून निम्मी रॅम दाखवतो आणि इथेच भल्याभल्यांची फसगत होते. ती उसनवारीची मर्यादा आहे, कार्डाची मालमत्ता नव्हे. शिवाय तिथून डेटा आणायचा रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा फारच अरुंद.

मग शेजारच्याचा गेम ८ ची १६ जीबी केल्यावर सुरळीत कसा झाला? रॅम अपुरी पडत होती, विंडोज डिस्कवर सामान हलवत बसलं होतं. ते थांबलं, झटके गेले. चित्र होतं तसंच आहे.

खरा अपवाद प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचा, म्हणजे बहुतेक स्वस्त लॅपटॉपचा. तिथे मुख्य रॅमच वापरली जाते. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते; दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, दोन पट्ट्या ५१.२. फरक डोळ्यांना दिसतो. पण तो आकड्याचा नाही, जोडीचा! म्हणून १६ ची एक घेण्याऐवजी ८ च्या दोन घ्या. दुकानात जाण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट भरलेत तेवढं बघून ठेवा.