सिट-इन (माहितीपट)

'सिट-इन' ही अमेरिकेतल्या एनबीसी या टीव्ही वाहिनीची डॉक्युमेंटरी, 'व्हाइट पेपर' सिरीजमध्ये २० डिसेंबर १९६० ला टीव्हीवर दाखवलेली, निवेदन चेट हंटली यांचं. विषय टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरातलं काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्धचं विद्यार्थ्यांचं सिट-इन, म्हणजे जागा अडवून शांतपणे बसून राहायचं आंदोलन, जे त्याच वर्षी झालं होतं, म्हणजे प्रकरण अगदी ताजं होतं.

वूलवर्थ, क्रेस असल्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे चालायचे, साबण घ्या वही घ्या, पण तिथल्याच लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातल्या खाण्यापिण्याच्या टेबलावर, बसून कॉफी मागितली की नाही मिळायची. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी असेच काउंटरवर जाऊन बसले आणि १३ फेब्रुवारीला नॅशव्हिलची पोरं उतरली. ती काही एका रात्रीत तयार झालेली नव्हती. अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन कित्येक महिने चर्चमध्ये त्यांचे वर्ग घेत होते, त्यात काहींनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून खेचायचं आणि बाकीच्यांनी हात न उगारता बसून राहायचं, अक्षरशः रंगीत तालीम! आणि हे लॉसन त्याआधी आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजला होते, १९५३ ते ५६, गांधींचा अभ्यास केला तो तिथेच, माँटगोमेरीत काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमीसुद्धा त्यांनी नागपूरच्या पेपरात वाचली. हे आपल्याकडे फार कोणाला माहीतच नसतं.

२७ फेब्रुवारीला जमावाने पोरांना मारलं, आणि अटक कोणाला तर मार खाणाऱ्यांना, ८१ जणांना. एक तुकडी पोलिसांनी नेली की दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसायची. नंतर ५० डॉलर दंड भरायचा सोडून बरेच जण जेलमध्येच राहिले. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनना काढून टाकलं, ते तिथे शिकत होते. इकडे लोकांनी बाजारपेठेतली खरेदी बंद केली, तीही ईस्टरच्या सीझनला, त्यामुळे दुकानदार टेकीला आले.

१९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा सिटी हॉलवर गेला आणि डायन नॅश या मुलीने मेयर बेन वेस्टना सगळ्यांसमोर सरळ विचारलं की रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का. ते हो म्हणाले! १० मेला काउंटर काळ्यांसाठीही खुले झाले.

अँड्र्यू यंग तेव्हा न्यूयॉर्कला चर्चच्या संस्थेत नोकरीला होते, त्यांनी बायकोसोबत घरी ही डॉक्युमेंटरी बघितली आणि दोघांनी ठरवलं की परत अमेरिकेच्या दक्षिण भागात जायचं. १९६१ ला ते गेले, पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे अगदी जवळचे सहकारी झाले.